नाव नसलेल्या मध्ययुगीन इंग्रजी पोथीचा लेखनिक अक्षरावरून कसा ओळखतात?

आपला प्रश्न असा आहे की, चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तलिखितांवर लेखनिकाचे नाव बहुधा नसते, तर निव्वळ अक्षरांच्या घडणीवरून अमुक पोथी अमक्याने लिहिली असे अभ्यासक कसे म्हणतात. आणि चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या सर्वांत जुन्या प्रतींपैकी दोन ॲडम पिंकहर्स्ट या लंडनच्या दस्तलेखकाने लिहिल्या हे सिद्ध झाले आहे का? दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. त्या दोन प्रती एकाच हातच्या आहेत हे जवळजवळ सर्वमान्य आहे; तो हात पिंकहर्स्टचा होता हे मात्र माझ्या मते सिद्ध झालेले नाही.

सुरुवात लिपीचे वळण आणि माणसाचा हात यांतल्या फरकापासून करावी लागते. मोडी कागद वाचणाऱ्यांना तो ठाऊकच असतो: चिटणिशी वळण अनेक कारकुनांचे सामाईक असते, आणि त्यातून एका कारकुनाचे अक्षर वेगळे काढायचे तर वळणापलीकडचे काही हाती लागावे लागते. इंग्लंडात तेराव्या शतकापासून रोजच्या व्यवहारात जी जलद लिपी रुळली, तिला आज ‘अँग्लिकाना’ म्हणतात. तिच्यातला ‘ए’ दोन खणांचा असतो, ‘आर’ची दांडी ओळीच्या खाली उतरते, ‘जी’ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दिसतो आणि ‘डब्ल्यू’ वेटोळ्यांचा असतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून ‘सेक्रेटरी’ नावाची दुसरी लिपी आली. तिच्यात ‘ए’ एका खणाचा, ‘आर’ आखूड आणि एकंदर रेघा तुटक व टोकदार असतात. त्यानंतरची निदान दोन-तीन पिढ्या बहुतेक लेखनिकांनी दोन्ही लिप्यांची अक्षरे एकमेकांत मिसळली. तेव्हा दोन पोथ्यांत दोन खणांचा ‘ए’ सापडला, तर त्यावरून दोघेही अँग्लिकाना शिकले होते एवढेच कळते. नवख्या वाचकाची फसगत बहुधा इथेच होते, कारण डोळ्यांत भरणारे आकार हे पुष्कळदा शाळेने, कचेरीने किंवा काळाने शिकवलेले असतात.

माणूस ओळखू येतो तो न शिकवलेल्या गोष्टींतून. एक अक्षर किती फटक्यांत आणि कोणत्या क्रमाने काढले, लेखणी कुठे उचलली, तिचे तोंड ओळीशी किती तिरके धरले, शेपूट डावीकडे सोडून दिली की उजवीकडे वळवून वर आणली, हे लेखनिकाला स्वतःलाही जाणवत नसते. पिसाच्या लेखणीने चर्मपत्रावर लिहिताना रेघ जाड कुठे होते आणि केसासारखी बारीक कुठे होते, यावरून हाताची चाल बऱ्यापैकी मागे लावता येते. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे पर्यायांचे प्रमाण. त्या काळी ‘एस’चे तीन-चार आकार आणि ‘आर’चे निदान दोन आकार एकाच पानावर चालत असत, त्यांतला कोणता आकार शब्दाच्या आरंभी, कोणता शेवटी आणि कोणता विशिष्ट अक्षरानंतर येतो, याची मोजदाद पानामागून पान केली की एक सवय दिसू लागते. म्हणून माझा आग्रह असतो की, ओळख एका अक्षरावर कधीच उभी करू नये. पाच-सहा अक्षरे आपापल्या पर्यायांसह सगळीकडे एकत्र आढळली पाहिजेत.

या पद्धतीचे सर्वांत भक्कम उदाहरण म्हणजे टॉमस हॉक्लीव्ह. हा कवी 1387 मध्ये राजाच्या ‘प्रिव्ही सील’ म्हणजे खासगी मुद्रेच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि तिथे त्याने पस्तीसहून अधिक वर्षे लेखणी चालवली. लिहिण्याच्या कामाने पाठ, पोट आणि डोळे कसे जातात, आणि इतर कारागीर काम करताना गातात-बोलतात तसे लेखनिकाला करता येत नाही, कारण मन, डोळा आणि हात यांतले एकही क्षणभर हलून चालत नाही, हे त्याने आपल्या कवितेत लिहून ठेवले आहे. मला ते वर्णन फार मोलाचे वाटते, कारण ते लिहिणाऱ्याचे अक्षरही आपल्यासमोर आहे. त्याने कचेरीसाठी तयार केलेला पत्रांच्या मसुद्यांचा मोठा संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि त्याच्या कवितांच्या त्यानेच लिहिलेल्या तीन प्रती कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात व डरहॅम येथे आहेत. एच. सी. शुल्झ यांनी 1937 मध्ये या दोन्ही प्रकारच्या लेखनाची तुलना करून हात एकच असल्याचे दाखवले. हॉक्लीव्हचा ‘जी’ माथ्यावर सपाट असतो. त्याचा ‘डब्ल्यू’ म्हणजे बाहेरून एक गोल वेढा आणि आत इंग्रजी दोनच्या आकड्यासारखे वळण. ‘वाय’ची शेपूट खाली जाऊन उजवीकडे वळते आणि बारीक रेघेने अक्षराच्या डोक्यापर्यंत परत येते. यांतला कोणताही आकार दुसऱ्या कोणी काढलाच नसेल असे नाही, पण तिन्ही एकत्र, इतक्या नियमाने आणि सेक्रेटरी लिपीच्या त्याच गोलसर चालीत आले की शंकेला फारशी जागा उरत नाही.

त्या आधारावरच पुढचे पाऊल टाकता आले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आर.3.2 या क्रमांकाची, चॉसरचा समकालीन कवी जॉन गॉवर याच्या ‘कन्फेसिओ अमांटिस’ या दीर्घ कवितेची एक पोथी आहे. ए. आय. डॉइल आणि माल्कम पार्क्स यांनी 1978 मध्ये तिच्यातले पाच हात वेगळे काढून त्यांना ए ते ई अशी अक्षरे दिली. ‘ई’ने अगदी थोडी पाने लिहिली आहेत आणि तो हॉक्लीव्ह निघाला. ‘बी’ हा वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या ‘हेंगर्ट’ आणि हंटिंग्टनमधल्या ‘एल्समीर’ या चॉसरच्या प्रतींचा, म्हणजे आपण विचारलेल्या त्याच दोन प्रतींचा लेखनिक ठरला. ‘डी’ने गॉवरच्या अनेक प्रती लिहिल्या आणि चॉसरच्याही दोन. या विभागणीचे फळ नावांपुरते नव्हते. पाच जणांनी मूळ प्रतीचे जुडगे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, वाटून घेऊन, एकमेकांच्या कामावर देखरेख न ठेवता लिहिले, हे अक्षरांवरून दिसले. आणि लंडनमध्ये अशा पोथ्या एका छताखालच्या मोठ्या लेखनशाळेत तयार होत असत ही समजूत त्यामुळे डळमळली.

आता पिंकहर्स्ट. लंडनच्या दस्तलेखकांच्या संघाच्या वहीत सभासदांनी स्वहस्ते लिहिलेल्या शपथा आहेत, आणि त्यांत 1390 च्या दशकातली मानली जाणारी ॲडम पिंकहर्स्टची एक आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासक लिन मूनी यांनी 2004 मध्ये जाहीर केले आणि 2006 मध्ये सविस्तर मांडले की हा हात म्हणजेच लेखनिक ‘बी’. शिवाय चॉसरची सात ओळींची एक कविता आहे, जिच्यात तो ‘ॲडम’ नावाच्या लेखनिकाला चुकांबद्दल खडसावतो. हे सगळे जुळले तर किती समाधान वाटेल, हे मी समजू शकतो. पण ॲडम हे नाव तेव्हा सर्रास होते, आणि ती शपथ लॅटिनमध्ये, ठसठशीत, मिरवण्याच्या अक्षरात लिहिलेली एकच लहान नोंद आहे. पहिल्या ओळीच्या वर चढवलेल्या दांड्या, त्यांवरची वेटोळी, जोड तिरक्या रेघा आणि ठिपका ही सजावट लंडनच्या इतर दस्तलेखकांच्या कामातही दिसते, हा जेन रॉबर्ट्स यांचा 2011 मधला आक्षेप मला वजनदार वाटतो. लॉरेन्स वॉर्नर यांनी 2018 मध्ये हा विरोध आणखी पुढे नेला. सायमन होरोबिन यांच्यासारखे जाणकार मूनी यांच्या बाजूचे आहेत, हेही नमूद करायला हवे. माझी अडचण नमुन्याची आहे. हॉक्लीव्हच्या बाबतीत त्याच्या नावाशी घट्ट बांधलेली शेकडो पाने आहेत, इथे एका शपथेवर सगळा भार पडतो, आणि मिरवण्याच्या अक्षरात माणूस आपल्या सवयी नेमक्या आवरून धरतो.

अक्षरांच्या जोडीला शुद्धलेखनही पाहतात. तेव्हा इंग्रजीला ठरलेले शुद्धलेखन नव्हते आणि प्रत्येक लेखनिक आपल्या मुलखाची रूपे वापरत असे; लेखनिक ‘डी’ लंडनमध्ये लिहीत असूनही त्याच्या शब्दांत पश्चिम इंग्लंडातल्या वूस्टरशर परगण्याच्या नैर्ऋत्य भागाच्या खुणा डोकावतात. मात्र हा पुरावा दुधारी आहे, कारण लेखनिक समोरच्या प्रतीतलीही रूपे उतरवतो. 1980 च्या दशकात व्हान्स रॅम्झी यांनी शुद्धलेखनातल्या फरकांवरून हेंगर्ट आणि एल्समीर यांचे लेखनिक वेगळे असल्याचे मांडले होते, एम. एल. सॅम्युअल्स यांनी उत्तर दिले की, तोच लेखनिक मधल्या काळात आपली रूपे बदलत गेला. एल्समीर ही यात्रेकरूंच्या चित्रांनी सजवलेली, मोठ्या आकाराची, श्रीमंती प्रत आहे, हेंगर्ट साधी आहे. एकाच माणसाचे अक्षर अशा दोन कामांत थोडे वेगळे दिसणारच.

नाव न कळताही माणूस किती जवळून ओळखता येतो, याचे उदाहरण वूस्टरचे आहे. तिथे तेराव्या शतकात एका लेखनिकाने ‘ओल्ड इंग्लिश’ या प्राचीन इंग्रजीतल्या पोथ्यांत ओळींमध्ये आणि समासात हजारो टिपा लिहिल्या, आणि त्याचा हात थरथरत होता. डावीकडे झुकणारी त्याची कापरी अक्षरे कुठेही ओळखू येतात. डेबोरा थॉर्प आणि जेन आल्टी यांनी 2015 मध्ये त्या कंपाच्या नियमितपणावरून आजाराचे निदानही सुचवले: पार्किन्सन नव्हे, तर ‘इसेन्शियल ट्रेमर’.

आपल्याला स्वतः पाहायचे असेल, तर ट्रिनिटी कॉलेजने आर.3.2 च्या प्रतिमा इंटरनेटवर ठेवल्या आहेत, आणि हंटिंग्टनमधल्या पोथ्याही पाहता येतात. हॉक्लीव्हची पाने आधी घ्या, कारण तिथे उत्तर ठाऊक आहे. ‘जी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘वाय’ यांचे प्रत्येकी वीसेक नमुने कापून शेजारी मांडा, त्यांत लेखणी कुठून सुरू झाली ते पाहा, आणि मगच ‘बी’च्या पानांकडे वळा.