वेग वाढवला की हेडलाइट लागतो-विझतो, डिकोडर जळाला का?

तुम्ही लिहिलंय की एचओ मापाच्या ई8 या मॉडेल रेल्वे इंजिनाला चार आकडी पत्ता (कंट्रोलर ज्यावरून इंजिन ओळखतो तो क्रमांक) दिला, सीव्ही 29 मध्ये (डिकोडरच्या 29 क्रमांकाच्या सेटिंगमध्ये) 32 टाकलं आणि तेव्हापासून वेगाची एकेक पायरी चढवली की हेडलाइट लागतो, विझतो, परत लागतो. मार्स लाइट (इंजिनाच्या पुढचा फिरत्या झोताचा दिवा) करायचा होता, तो राहूनच गेला.

डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे आदेश समजून मोटर आणि दिवे चालवणारी इंजिनातली चिप, जळालेला नाही. इंजिनाचं कव्हर उघडू नका. माझ्याकडे हेच झालं तेव्हा मी दोन रविवार एलईडी बदलण्यात घालवले, म्हणून कळकळीने सांगतोय.

घोळ त्या 32 मध्ये आहे. सीव्ही 29 ही बेरीज असते: उलटी दिशा 1, 28 किंवा 128 पायऱ्या 2, साध्या डीसीवर चालायची मुभा 4, लांब (चार आकडी) पत्ता 32. नुसतं 32 लिहिल्यावर लांब पत्ता मिळाला, पण 2 गेले आणि डिकोडर 14 पायऱ्यांवर आला. तुमचा कंट्रोलर मात्र 28 पायऱ्यांचेच आदेश पाठवतोय. मेख अशी की 14 पायऱ्यांच्या आदेशातला एक बिट हेडलाइटसाठी असतो, आणि 28 च्या आदेशात तोच बिट वेगाची मधली पायरी दाखवतो. कंट्रोलर वेग सांगतो, डिकोडरला तो दिव्याचा हुकूम वाटतो. म्हणून एकाआड एक पायरीला अंधार.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग लिहायच्या वेगळ्या रुळावर) फक्त हे इंजिन ठेवा आणि सीव्ही 29 मध्ये 34 लिहा. डीसीवरही चालवायचं असेल तर 38. लिहून झाल्यावर परत वाचून खात्री करा. पायऱ्या चढवताना दिवा स्थिर राहिला की मगच मार्स लाइटकडे वळा.

मार्स लाइटचा झोत इंग्रजी आठाच्या आकारात फिरायचा, आणि ज्या ई8 वर तो असे त्यांना साधा हेडलाइटही वेगळा असे. त्यामुळे डिकोडरच्या पांढऱ्या वायरवरच्या हेडलाइटलाच मार्सचा इफेक्ट देऊ नका, तो स्थिर राहू द्या. दुसरा दिवा हिरव्या वायरवर घ्या (निळी वायर सामाईक धन, एलईडीला साधारण 1 किलोओहमचा रेझिस्टर) आणि इफेक्ट तिथे द्या. डिजिट्रॅक्स कंपनीच्या डिकोडरमध्ये आणि साउंडट्रॅक्स कंपनीच्या ट्सुनामी डिकोडरमध्ये हिरव्या वायरचा सीव्ही 51 आणि मार्सचा आकडा 2. पण बाकीचे आकडे एकमेकांचे वापरू नका: जायरालाइट (असाच दुसरा फिरता दिवा) ट्सुनामीत 3 आहे, डिजिट्रॅक्समध्ये 7. कोणता डिकोडर आहे ते आठवत नसेल तर सीव्ही 8 वाचा. 129 आलं तर डिजिट्रॅक्स, 141 आलं तर साउंडट्रॅक्स.

एलईडीवर हा इफेक्ट झटके दिल्यासारखा दिसतो, कारण बल्बची तार हळूहळू थंड होते आणि एलईडी क्षणात विझतो. ट्सुनामीत त्यासाठी 128 मिळवायचे, म्हणजे 2 ऐवजी 130. खोलीतले दिवे मालवून दोन्ही आकडे पाहा, फरक लगेच दिसेल.