आई-बाबांचा पहिला लांबचा विमानप्रवास: टॅब घ्यावा की समोरच्या स्क्रीनवर भागेल?

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला होता पण घाईत दोन ओळी लिहून सोडायचा विषय नाही, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. आई-बाबा कुडाळहून पहिल्यांदाच तुमच्या भावाकडे टोरंटोला चाललेत, आधी मुंबई, मग आखातात विमान बदलायचं, पुढे चौदा तासांची फ्लाइट, आणि तुम्ही विचारताय की वेळ जायला नवा टॅब घेऊन द्यावा का, सीटसमोर स्क्रीन असते त्यावर भागेल का, आणि मुळात फोन वापरू देतात का. मी अठरा वर्षं कुवेतला नोकरी केली, घर मालवण तालुक्यात, आईला, वडलांना आणि सासूबाईंना असं तिघांनाही विमानाने नेलंय आणलंय, त्यामुळे जे स्वतः बघितलंय तेच सांगतो.

आधी थेट उत्तर. नवीन टॅब नको. आईच्या आणि बाबांच्या हातात आज जो फोन आहे तोच नीट तयार करून द्या. साठी-सत्तरीच्या माणसाला प्रवासाच्या चार दिवस आधी नवीन वस्तू दिली की तिचं ओझंच होतं, कुठे ठेवलाय, पडेल का, चोरीला जाईल का, सगळं लक्ष त्यातच. ओळखीच्या फोनवर बोट आपोआप जातं.

समोरच्या स्क्रीनचं म्हणाल तर ती असेलच असं धरून चालू नका. आपल्या देशातल्या बहुतेक छोट्या विमानांत, म्हणजे ज्यात मधे एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा असतात त्यात, समोर स्क्रीन नसते. आपल्या सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळावर २०२१ साली सुरुवातीला जे पंख्याचं छोटं एटीआर विमान यायचं त्यात तर प्रश्नच नव्हता. आखातात जाणाऱ्या स्वस्तातल्या विमानांतही बऱ्याचदा नसते. मोठी दोन वाटांची विमानं लांबच्या प्रवासाला असतात त्यात साधारण असते, तेव्हा टोरंटोच्या टप्प्याला मिळेल, पण तुमच्या नेमक्या सीटची बंद निघू शकते. माझ्या वडलांची निघाली होती. एअर होस्टेसला सांगितलं की ती त्या एका सीटची स्क्रीन बंद करून परत चालू करते, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात, काळ्या स्क्रीनवर बारीक अक्षरं पळत राहतात आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं आपणच काहीतरी बिघडवलं. तर बाबांना आधीच सांगून ठेवा की स्क्रीन बंद पडली तर ती आपली चूक नव्हे, बेल दाबून सांगायचं, त्यात लाजायचं काही नाही. आपली माणसं इथेच मार खातात, पाणी मागायलाही संकोच करतात.

आता फोन. वापरू देतात, पण एअरप्लेन मोडवर. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमानांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१४ साली ही परवानगी दिली, त्याआधी विमान वर चढताना आणि उतरताना फोन-टॅब पूर्ण बंदच ठेवावे लागायचे. लॅपटॉपसारखी मोठी वस्तू मात्र उडताना-उतरताना अजूनही आत ठेवायला लावतात. एअरप्लेन मोड का, तर जुन्या रेडिओजवळ फोन ठेवला की रिंग यायच्या आधी जो टर्र टर्र आवाज यायचा तसलाच आवाज पायलटच्या हेडफोनमधे येऊ शकतो, आणि नेमका उतरायच्या वेळी कंट्रोलचं बोलणं ऐकू येणं गरजेचं असतं. दुसरं कारण बाबांना पटेल असं आहे, कोकण रेल्वेने जाताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की फोन रेंज शोधून शोधून गरम होतो आणि बॅटरी उतरते की नाही, वर आकाशात तर चौदा तास बोगदाच आहे असं समजा.

आणि पैशाचं कारण. काही विमानांत आतच मोबाईलचं नेटवर्क असतं, एअरप्लेन मोड लावला नाही आणि रोमिंग चालू असलं तर फोन त्याला आपोआप चिकटतो. माझ्या भाच्याचं पोस्टपेड कार्ड होतं, खिशात फोन तसाच राहिला, पुढच्या महिन्यात साडेचार हजारांचं जादा बिल. कंपनीशी दोन महिने भांडला, एक रुपया कमी झाला नाही. त्यामुळे निघायच्या आधी डेटा रोमिंग बंद आहे ना हे तुम्ही स्वतः त्यांच्या फोनमधे जाऊन बघा, आई-बाबांवर सोडू नका. विमानात वायफाय असलं तर एअरप्लेन मोड तसाच ठेवून नुसतं वायफाय चालू करता येतं, काही ठिकाणी व्हॉट्सअॅपचे मेसेज फुकट असतात, पण त्यात ईमेल टाका, नाव टाका असलं बरंच असतं, शेजारी कोणी मदत करणारं असेल तरच त्या भानगडीत पडायला सांगा.

फोनमधे काय भरायचं? तर त्यांना जे आवडतं ते, आपल्याला वाटतं ते नाही. विमानातल्या स्क्रीनवर हिंदी सिनेमे भरपूर असतात, मराठी मिळालं तर नशीब. माझ्या वडलांना सिनेमा नकोच होता, मी त्यांना दशावताराचे दोन प्रयोग आणि डबलबारीची तीन-चार भजनं फोनमधे भरून दिली, कुवेतपर्यंत मान हलवत बसले होते. फक्त हे लक्षात ठेवा की यूट्यूबवर किंवा कुठल्याही अॅपमधे डाउनलोड केलेलं कायमचं नसतं, त्याला मुदत असते, आठवडाभर आधी भरून ठेवलं आणि वर गेल्यावर उघडेना असं होतं. आदल्या रात्री भरा, मग घरात बसूनच एअरप्लेन मोड लावा आणि एकेक उघडून बघा. जे तेव्हा चालेल तेच विमानात चालेल. कुटुंबाचे फोटो, नातवंडांचे व्हिडिओ वगैरे फोनमधेच आहेत ना, गॅलरीत नुसतं धुरकट दिसून नेट मागत नाहीत ना, हेही बघून घ्या.

इअरफोन वायरचेच द्या. विमानात जे देतात ते कानाला टोचतात, आणि ब्लूटूथचे समोरच्या स्क्रीनला जोडता येतील असं अजून सगळीकडे नाहीये. जुन्या विमानात हाताच्या दांडीला दोन भोकांचा सॉकेट असतो, त्यात आपली एक पिन घातली की कधीकधी एकाच कानात ऐकू येतं, तर दोन पिनांचा छोटा जोड मिळतो तो बॅगेत टाका. फोन नवीन असून त्याला गोल भोकच नसेल तर फोनसाठी वेगळे इअरफोन लागतील हे विसरू नका. आणि फोन मोठ्याने लावून बसायचं नाही हे बाबांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. घरी ओटीवर बसून मोठ्याने भजन ऐकणं वेगळं, तिथे रात्रीचे दोनशे-तीनशे माणसं झोपलेली असतात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. समोरच्या स्क्रीनवर काही बघत असताना पायलट बोलायला लागला की सिनेमा आपोआप थांबतो आणि सूचना कानात येते. आपल्या फोनवर तसं होत नाही, भजन चालूच राहतं आणि पट्टा बांधायला सांगितलेलं कळत नाही. म्हणून वर पट्ट्याचा दिवा लागला की कानातलं काढायचं, एवढा एकच नियम आईला पाठ करून द्या.

आता ज्याची मला खरंच काळजी वाटते ते, पॉवर बँक. ती चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकायची नाही, हातातल्या पिशवीतच. कारण असं की लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमधे माणसांना दिसते, क्रू पाणी ओतून थंड करू शकतात, खाली सामानाच्या पोटात कुणाला पत्ताच लागत नाही आणि तिथला आग विझवायचा वायू या बॅटरीला पुरा पडत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं ते माप. पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असतं, २०००० वाली असेल तर २०००० गुणिले ३.७ (बॅटरीचे व्होल्ट) भागिले १०००, म्हणजे ७४ वॉट-अवर, चालते. पण वरचं छापलेलं पुसलं गेलं असेल तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात, जुनी झिजलेली देऊ नका.

जानेवारी २०२५ मधे दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उडायच्या आधीच एक विमान जळालं, सुदैवाने सगळे बाहेर पडले, आग वरच्या कप्प्यात लागली होती आणि तपासात पॉवर बँकेवर संशय आला. त्यानंतर नियम पटापट कडक झाले. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने फोन चार्ज करायलाच बंदी घातली, एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच न्यायची, विमानात वापरायची नाही आणि वरच्या कप्प्यात ठेवायची नाही असं केलं. म्हणून तुमचं तिकीट ज्या कंपनीचं आहे तिचे नियम निघायच्या आठवड्यात परत एकदा वाचा. हे बदलत असतं, २०१७ साली तर मार्च ते जुलै दुबई, दोहा, कुवेत वगैरे विमानतळांवरून अमेरिकेला जाताना फोनपेक्षा मोठं काही केबिनमधे नेऊ देत नव्हते, लॅपटॉप-टॅब सगळं खाली टाकावं लागायचं.

चार्जिंग मग सीटवरच्या यूएसबीवर करायचं. जुन्या विमानात ते फार हळू होतं, भरलेला फोन टिकवण्यापुरतं समजा. प्लगचा सॉकेट असेल तर त्यात ११० व्होल्ट असतात, आपल्या फोनच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं तो चालतो.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट, फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवायची नाही. कितीही वाटलं तरी पाठ मागेपुढे करायची नाही, हात घालून ओढायचा नाही, बेल दाबायची. माझ्या शेजारच्या एका गृहस्थांचा पडला होता, ते सीट सरळ करायला बटणावर बोट ठेवणार तेवढ्यात क्रूमधली मुलगी जवळजवळ ओरडलीच. लोखंडी सांध्यात फोन चिरडला की बॅटरी पेट घेते. तिने त्यांना उठवलं, खाली टॉर्च मारला आणि शांतपणे काढून दिला, दोन मिनिटांचं काम. समोरच्या जाळीच्या खिशातही फोन ठेवायला सांगू नका, उतरताना तिथेच राहतो. आईला गळ्यात अडकवायची छोटी पिशवी शिवून द्या, पासपोर्ट आणि फोन दोन्ही त्यात.

तुम्हाला लॅपटॉप द्यायची इच्छा झालीच तर माझा अनुभव सांगतो, ट्रेवर लॅपटॉप उघडून ठेवला होता, वरची कड पुढच्या सीटच्या खाचेत गेली आणि पुढच्याने पाठ मागे टाकली, बिजागरासकट स्क्रीन गेली.

आता समोरच्या स्क्रीनबद्दल एक शेवटचं, आणि हे आईला नक्की शिकवाच. सिनेमा राहू दे, नकाशा लावायला शिकवा. त्यावर आपलं विमान कुठे आहे, किती उंचीवर, किती वेळ राहिला सगळं दिसतं. माझी आई येताना तीन तास तेवढंच बघत होती. तिचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, समुद्र तिच्या घरातलाच, पण इतका मोठा समुद्र तिने कधी एका चौकोनात बघितला नव्हता. मधेच म्हणाली, "इमान हलनाच नाय रे, थांबला की काय?" मी म्हटलं आई, नऊशेच्या वेगाने चाललंय. मग निळ्यात किनारा दिसायला लागला, मुंबई आली, खाली रत्नागिरी आलं आणि तिने बोट टेकवलं, "आपलो गाव खंय दिसता काय रे ह्यात?" गावाचं नाव नव्हतं, मी रत्नागिरीच्या खाली अंदाजाने जागा दाखवली. ती तिथे बोट ठेवून बसली. जोरात टेकवलं म्हणून पुढचा माणूस वळून बघायला लागला, तर स्क्रीन हलक्या बोटाने दाबायची हेही सांगा, किंवा हाताशी रिमोट असतो तो वापरायचा.

स्क्रीन नसलेल्या विमानात हेच फोनवर होतं. एअरप्लेन मोडमधेही जीपीएस चालतं कारण फोन नुसता सिग्नल घेत असतो, पाठवत नाही. गूगल मॅप्समधे कोकणचा भाग आधी डाउनलोड करून ठेवा आणि खिडकीशी फोन धरा, थोड्या वेळाने निळा ठिपका पळायला लागतो. मुंबईहून गोव्याच्या मोपा विमानतळाला येताना उजवीकडची खिडकी घेतली की समुद्राची बाजू मिळते, हे परतीला उपयोगी पडेल.

आणि टोरंटोला उतरल्यावर एअरप्लेन मोड काढायचा, एअरपोर्टचं वायफाय लावायचं, हे मोठ्या अक्षरात मराठीत कागदावर लिहून पासपोर्टच्या पिशवीत ठेवा. त्याच कागदावर भावाचा नंबर आणि पत्ता पेनाने लिहा, चौदा तासांनी फोन बंद पडलेला असला तरी तो कागद कुणालाही दाखवता येईल.