टिनचे डबे माळ्यावर नकोत: बडोद्यातल्या कोठीबद्दल

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगा कॅनडाहून येताना दरवेळी बॅगभर टिनचे डबे आणतो. त्यात इथले आमरसाचे, अननसाचे, रसगुल्ल्याचे डबे आहेतच. मांजलपूरच्या घरात जागा कमी म्हणून सगळे माळ्यावर चढवलेत. तारखा कळत नाहीत, काही डब्यांना ओपनर लागतच नाही, आणि सासूबाई म्हणतात, सीलबंद डब्याला काय होतंय? शिवाय शेवटी एका ओळीत लिहिलंय की राजम्याचा एक डबा वरून जरा फुगल्यासारखा वाटतो. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथूनच सुरू करते.

तो डबा आजच्या आज टाकून द्या. उघडून बघू नका, वास घेऊ नका, चव घ्यायचा तर प्रश्नच नाही. राजमा, छोले, मका, वाटाणे यांत आंबटपणा नसतो. जिथे आंबटपणा कमी (सामू म्हणजे पीएच ४.६ च्या वर) आणि आत हवा नाही, तिथे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याचं विष अगदी थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. म्हणूनच कारखान्यात असे डबे भरून, बंद करून वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवतात. पण त्यात काही कसर राहिली, किंवा नंतर कडेची शिवण सुटून आत काही शिरलं, तर डबा फुगतो. अननस किंवा टोमॅटोचा डबा कधी कधी निव्वळ आंबटपणाची धातूशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन साठल्यानेही फुगतो. पण फुगण्याचं कारण बाहेरून ओळखता येत नाही, त्यामुळे नियम एकच. दोन पिशव्यांत घालून गाठ मारा, वर ‘खराब’ असं लिहा आणि कचरागाडीवाल्याच्या हातात द्या. उघड्यावर टाकलात तर गायी-कुत्री तोंड घालतील.

बाकीचे डबेही एकदा तपासून घ्या. झाकणाच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून बघा. चांगल्या डब्याचं झाकण किंचित आत ओढलेलं असतं आणि दाबल्यावर हलत नाही. टक् आवाज करून खाली-वर होत असेल, तर तो डबाही बाद. पोचा आलेला डबा सरसकट टाकायची गरज नाही. पोटावर उथळ, गुळगुळीत पोचा असेल तर चालतो, लवकर वापरून टाका. पण पोचा वरच्या किंवा खालच्या दुमडलेल्या कडेवर असेल, किंवा पत्र्याला टोकदार घडी पडली असेल, तर नको. डब्याचा सगळा भरवसा त्या दुमडीवर असतो. तिथे डब्याचा आणि झाकणाचा पत्रा एकमेकांत दुहेरी वळवून दाबलेला असतो.

आता माळा. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सीलबंद डबा खरोखर वर्षानुवर्षं टिकतो, पण थंड, कोरड्या जागी. तीस अंशांच्या आतली जागा उत्तम. अडतीसच्या वर गेलं की रंग, चव, मऊपणा भराभर उतरतो, आणि त्याहून जास्त उष्णतेत असे काही जिवाणू जागे होतात जे कारखान्याच्या तापवण्यातूनही तग धरतात. त्यांनी डबा फुगत नाही, आतला पदार्थ मात्र आंबतो. बडोद्यात मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना गच्चीखालच्या माळ्यावर काय होत असेल, ते दुपारी चारला नुसता हात घालून बघा. माळ्यावर मोठी पातेली ठेवा, गाद्या ठेवा, दिवाळीचे कंदील ठेवा. खाण्याचा एकही डबा तिथे नको. माझं याबाबतीत ठाम मत आहे, कारण आपल्याकडे बहुतेक साठा तारखेमुळे वाया जात नाही, माळ्यामुळे जातो. वर ठेवलेलं दिसत नाही, दिसत नाही म्हणून वापरलं जात नाही, आणि तोवर उन्हाने त्याचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

जागा निवडताना आधी स्वयंपाकघराची पश्चिमेची भिंत वगळा. गॅसच्या वरचं कपाट, फ्रिजचा माथा (मागून गरम हवा येते) आणि सिंकखालचा कप्पाही वगळा. उरलेल्यांत आतल्या भिंतीला लागून असलेली खालची फळी सगळ्यात गार असते. एरंडेल चोळलेल्या गव्हाची कोठी आपण जिथे ठेवतो, तीच जागा डब्यांना मानवते.

तारखांचा घोळ समजून घेतला की सोपा आहे. आपल्याकडे २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ लिहिणं बंधनकारक आहे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. लेबलवर शोधून सापडत नसेल तर डबा उलटा करा, बहुतेक वेळा बुडावर किंवा झाकणावर शाईने छापलेली असते. ही शाई कच्ची असते, तेलकट हाताने किंवा सॅनिटायझरने पुसली जाते. कॅनडाच्या डब्यांवर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम असतो, आणि महिना दोन अक्षरांत, इंग्रजी-फ्रेंच दोघांना चालेल असा. त्यात ‘एमए’ म्हणजे मे आणि ‘एमआर’ म्हणजे मार्च. बरेच जण ‘एमए’ला मार्च समजतात. ९० दिवसांहून जास्त टिकणाऱ्या मालावर तिथे तारीख सक्तीची नाही, त्यामुळे एखाद्या डब्यावर नुसताच आकड्यांचा कोड दिसला तर घाबरू नका. अमेरिकेतल्या काही डब्यांवर अशा कोडात वर्षाचा शेवटचा आकडा आणि वर्षातला कितवा दिवस एवढंच असतं. ३२२६ म्हणजे २०२३ मधला २२६ वा दिवस, १४ ऑगस्ट. ही भरल्याची तारीख, संपण्याची नव्हे. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते, म्हणून मुलाने डबा कधी विकत घेतला ते विचारून लिहून ठेवणं जास्त खात्रीचं.

लिहायचं कुठे? लेबलवर नाही, ते पावसाळ्यात सुटतं. पक्क्या शाईच्या मार्करने झाकणावर मोठ्या आकड्यांत महिना आणि वर्ष लिहा. संपायची तारीख माहीत नसेल तिथे आणल्याचा महिना. तारीख नसलेल्या डब्यांसाठी माझा साधा हिशोब: टोमॅटो, अननस, आंबा असे आंबट पदार्थ वर्ष-दीड वर्षात संपवायचे. छोले, राजमा, मका दोन वर्षं सहज चांगले राहतात, पण बडोद्याच्या उन्हाळ्यात मी त्याहून जास्त ताणत नाही.

तुमच्या घरी शाकाहार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हेही सांगते. बाहेरून सामानात आलेल्या डब्यांवर आपला हिरवा ठिपका नसतो. तिकडच्या बीन्सच्या डब्यांत डुकराचं मांस किंवा चरबी असणं अगदी सर्रास आहे, भाज्यांच्या सूपमध्येही चिकनचा अर्क असू शकतो. समोरचं चित्र बघून ठरवू नका, मागची घटकांची यादी मुलाकडून एकदा वाचून घ्या आणि खात्रीच्या डब्यावर मार्करने हिरवी खूण करा.

ओपनर न लागण्याचं कारण डब्याच्या घडणीत आहे. आपल्याकडचा आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा तीन तुकड्यांचा असतो: पोट, झाकण आणि बूड. दोन्हीकडे दुमडलेली कड असल्याने ओपनर कुठूनही लागतो. तिकडचे बरेच डबे मात्र एकाच पत्र्यातून खेचून काढलेले असतात. त्यांचं बूड गोलसर आणि बिनकडेचं, तिथे ओपनरच्या चाकाला धरायला काही नसतं. लेबल उलटं चिकटलेलं असलं तर माणूस बुडाशीच झटापट करत बसतो. बोट फिरवून कड शोधा, तेच झाकण. डबा निघाला १८१० च्या सुमारास आणि तो उघडायची हत्यारं त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. तोवर लोक छिन्नी-हातोडीने फोडत. आपल्याला तरी सुरी खुपसायचं काही कारण नाही. झाकणावर ओढायचं कडं असलेला डबा असेल तर कडं आधी सरळ उभं करा, फस् असा आवाज येऊ द्या, मग ओढा. हा फस् आवाज बाहेरची हवा आत शिरल्याचा, तो चांगला. उघडताना आतलं पाणी जोराने बाहेर उडालं तर मात्र खाऊ नका.

त्याच गोलसर बुडाचा मांडणीला फायदा होतो. ते खालच्या डब्याच्या झाकणात नीट बसतं, म्हणून तिकडचे डबे एकावर एक तीन रचले तरी हलत नाहीत. आपले दोन्हीकडून सारख्या व्यासाचे डबे कडेवर कड टेकतात आणि घसरतात. त्यांना एकावर एक रचायचं असेल तर मध्ये पुठ्ठ्याची चकती घाला. फळीची उंची ठरवताना मोठा डबा जवळपास १२ सेंटीमीटर उंच आणि १० सेंटीमीटरच्या वर रुंद धरा, चारशे ग्रॅमवाला साधारण ११ उंच. दोन फळ्यांत १४-१५ सेंटीमीटर ठेवलीत तर एकच थर बसतो आणि प्रत्येक झाकण वरून वाचता येतं. खोल कपाटात मागचा डबा कायम मागेच राहतो. म्हणून नवा डबा मागे सारायचा, जुना पुढे ओढायचा, आणि पदार्थाप्रमाणे आडव्या ओळी न लावता उभ्या रांगा लावायच्या: छोल्यांची एक, टोमॅटोची एक. पुढचा उचलला की त्याच पदार्थाचा पुढचा लगेच दिसतो. दोनपेक्षा जास्त रिकाम्या जागा दिसेपर्यंत हाथीखान्याच्या बाजारातून किंवा मॉलमधून नवीन आणू नका, ऑफर कितीही मोठी असो.

पावसाळ्याचं वेगळं. डबा म्हणजे पोलादी पत्रा आणि त्यावर कथिलाचा पातळ थर, आपल्या पितळी भांड्याच्या कल्हईसारखा. ओरखडा उठला की तिथून गंज धरतो. फळीवर वर्तमानपत्र घालू नका, ते ओल धरून ठेवतं. मिठाची बरणी डब्यांजवळ नको. कोरड्या फडक्याने पुसून जाणारा गंज चालतो. नखाला खड्डा लागत असेल तर डबा टाका.

आणि विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी. २०१९ ला आणि पुन्हा २०२४ ला समा, फतेगंज, सयाजीगंजच्या किती घरांत शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुमचं घर तळमजल्यावर असेल, तर वर सांगितलेली खालची फळी जुलै-ऑगस्टमध्ये रिकामी करून डबे कमरेच्या वर हलवा. तरी पुराच्या पाण्यात भिजलेच, तर पोचा-गंज नसलेले पूर्ण बंद डबे वाचवता येतात. लेबल काढून साबणाने धुवा, मग चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच घालून त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, वाळवा आणि आत काय आहे ते मार्करने लिहा. फिरकीच्या किंवा दाबाच्या झाकणाचे डबे, तुपाचे प्लास्टिक टोपीचे डबे, काचेच्या बरण्या यांचा मोह धरू नका, पाणी झाकणाखाली शिरलेलं असतं.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवायची सवय मात्र सोडा. अननसाच्या डब्याला आतून बऱ्याचदा लाखेचा (लॅकरचा) लेप नसतो, उघडं कथिलच असतं. हवा लागली की ते रसात झपाट्याने उतरतं आणि धातूची चव येते. स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात काढा. छोल्यांच्या किंवा मक्याच्या डब्यात आतून काळसर डाग दिसले तर ते डाळी-दाण्यांतल्या गंधकाचे, त्यांनी काही होत नाही. उरलेला आमरस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, एक-दोन वड्या काढून श्रीखंडात घालता येतात.