कौल कोण लावतं आणि कोण देतं?

प्रश्न असा आहे: परळला राहणाऱ्या सासूबाई काही अडचण आली की गावी फोन करून 'देवाला कौल लावा' म्हणतात. पेपरात 'मतदारांनी कौल दिला' असं येतं. गावच्या घरावरही कौलं असतात. मग शब्द एक की तीन?

दोन. घरावरचं 'ते' कौल आणि देवाचा 'तो' कौल, म्हणजे देवाने दिलेलं उत्तर; मतदारांचा कौलही हाच. पहिल्याचं अनेकवचन कौलं, दुसऱ्याचं कौलच. घरावरचं इथेच सोडू.

'तो' कौल मूळचा अरबी. अर्थ बोलणं, दिलेला शब्द. कव्वालीही त्याच घराण्यातली. मराठी दफ्तरांत याचा राबता मोठा. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सरकार भरवसा द्यायचं, तो कौल आणि त्याचा कागद कौलनामा. पहिली वर्षं सारा थोडा, मग चढत जाणारा, असा असला तर इस्ताव्याचा कौल. गावाचा खरा धनी ग्रामदेव, तेव्हा त्याने दिलेल्या शब्दालाही तेच नाव पडलं असावं, असं मला वाटतं.

आता 'लावणे'. सिंधुदुर्गात रवळनाथ किंवा सातेरी अशा ग्रामदेवतेच्या देवळात गुरव मूर्तीला ओल्या कळ्या, पाकळ्या नाहीतर तांदूळ चिकटवतो. हे चिकटवणं म्हणजेच लावणं. मग गाऱ्हाणं, म्हणजे देवाला घातलेलं साकडं: 'बा देवा म्हाराजा', मागे उभ्या मंडळींचं 'व्हय म्हाराजा', आणि प्रश्न. आजाऱ्याला मुंबईला हलवू का? जमिनीची तडजोड करू का? बहुतेक ठिकाणी उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावागणिक रीत थोडी बदलते. कधी काहीच पडत नाही. मग गुरव प्रश्न फिरवून विचारतो, 'घराण्याचा काय ऱ्हवला आसा काय?' (घराण्याचं काही राहून गेलंय का?) आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा पाकळीवर.

म्हणजे लावणारा माणूस, देणारा देव. मालवणीत 'देवान उजवो कौल दिल्यान' असंच म्हणतात. त्यामुळे 'मतदारांनी कौल दिला' हे चोख, कारण निवडणुकीत देवाच्या जागी मतदार असतो. 'मतदारांनी कौल लावला' मात्र चुकीचं. पक्षांनी लावला म्हणा हवं तर, गाऱ्हाणीही तेच घालत फिरत असतात.

मुंबईत कौल आणि नवस यांची सरमिसळ फार होते. नवस हा माणसाने देवाला दिलेला शब्द, म्हणून तो बोलायचा आणि फेडायचा. कौल उलट दिशेचा. तो फेडायचा नसतो, पाळायचा असतो. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल घेऊनच तारीख ठरते आणि मग लालबाग-परळचे चाकरमानी गाडीच्या तिकिटांमागे लागतात. इथे 'कौल घेणे' हेही बरोबर, त्यात लावणं आणि मिळणं दोन्ही आलं.

सासूबाईंचं वाक्य तंतोतंत बरोबर आहे. 'कौल मागणे' हेही चालतं; पण ते कुणीही घरबसल्या करू शकतो, लावायला गुरव लागतो.