गुरुजी, पोस्टातलं खातं मोडू नका. तपासणीचं वेगळं बोलू

प्रश्न : मी 71 वर्षांचा निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक, राहणार चोपडा तालुका. पेन्शन 38 हजार. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख आहेत, 8.2 टक्क्यांनी, अडीच वर्षं झाली. सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या एकाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, मुंबईला रोबोवर ऑपरेशन झालं. आता गावात एका लॅबचं शिबिर आहे. 4,999 रुपयांत पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी धरून ‘सगळे कॅन्सर’ तपासतात. पॅकेज घेऊ का? आणि काही निघालंच तर हाताशी असावेत म्हणून पोस्टातले पैसे काढून बचत खात्यात टाकू का? मला लघवीचा त्रास नाही. वडील 1994 मध्ये कंबरदुखीने अंथरुणाला खिळले, मग लघवी अडकली आणि गेले. निदान असं झालंच नाही. धाकटा भाऊ 58 चा आहे, भुसावळला दुकान आहे, विमा नाही.

गुरुजी, नमस्कार.

आधी पोस्टाचं, कारण तिथे माझं मत पक्कं आहे. या योजनेत थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं बंदच करावं लागतं. दोन वर्षं उलटली आहेत, म्हणजे एक टक्का कापतील, 15 हजार. ते एकवेळ सोसाल. पण आज तुम्हाला दर तिमाहीला 30,750 येतात, वर्षाचे 1,23,000. बचत खात्याने तीन टक्के दिले तर 45 हजार. वर्षाला 78 हजारांची खोट, उरलेल्या अडीच वर्षांत 1 लाख 95 हजार. कापलेले 15 हजार मिळवा, 2 लाख 10 हजार झाले. न झालेल्या आजारासाठी एवढी रक्कम आत्ताच देऊन टाकायची? आणि उद्या खरंच गरज पडली, तर तेच खातं तेव्हाही एक टक्का सोडून मोडता येतं. प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा निर्णयाला महिनोन् महिने देतो. रात्रीत पैसे उभे करायचा आजार हा नव्हे.

हाताशी म्हणाल तर तिमाहीचं व्याज दीड लाख होईपर्यंत वेगळ्या मुदत ठेवीत साठवा. त्याशिवाय सत्तरी ओलांडली की आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ते उत्पन्न न बघता देतात, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, आधीचे आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. आधार घेऊन जा आणि कार्ड काढून ठेवा. मात्र ते यादीतल्या रुग्णालयात भरती झाल्यावर चालतं, बाहेरच्या तपासण्या त्यात येत नाहीत. रोबोवरचं ऑपरेशन त्यात बसतं का, ते रुग्णालयाला आधी विचारायचं.

आता तपासणी. मी डॉक्टर नाही. पण ही तपासणी म्हणजेही एक खर्चाचा निर्णय आहे, आणि त्याची किंमत पाटीवर लिहिलेली नसते.

पारोळ्याकडचे एक काका माझ्याकडे आले होते. सदऱ्याच्या खिशात चार घड्यांचा रिपोर्ट, त्यावर पीएसए 6.1 आणि आकड्याखाली लाल रेघ. तपासणीला लागले होते 700 रुपये. नंतर नाशिकच्या तीन फेऱ्या, गाडीचे 13,500. एमआरआय 9,500. डॉक्टरांच्या फिया, औषधं, परत तपासणी मिळून 4,500. म्हणजे त्या 700 वर आणखी 27,500 गेले आणि निघालं लघवीचं इन्फेक्शन. गोळ्यांनंतर आकडा 2.8. मधल्या दीड महिन्यात त्यांनी जेवण निम्म्यावर आणलं आणि एक एफडी मोडली. एफडी मोडल्याचं मला कळलं ते मोडल्यावर.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. कॅन्सरमध्ये ते वाढतं, तसं वयोमानाने ग्रंथी फुगली तरी वाढतं, इन्फेक्शन झालं तरी वाढतं. तपासणीआधी दोन दिवस सायकलही टाळायला सांगतात, आणि तुम्ही तर वावरात सायकलनेच जात असाल! उलट, ग्रंथी फुगल्यावर देतात त्यातल्या काही गोळ्या, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड, आकडा निम्म्यावर आणतात. वाढलेल्या आकड्यावरून बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासणी, केलेल्या बऱ्याच जणांना कॅन्सर निघत नाही.

आणि निघाला तर? तुमच्या भागात केळीवर हरण्या रोग दिसला की खोड उपटून नष्ट करतात, बाग वाचवायची तर थांबायचं नसतं. कॅन्सर ऐकला की आपल्याला तेच सुचतं. इथे गणित निराळं आहे. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांचे तीन गट केले. एकाचं ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसती नजर. पंधरा वर्षांनी, 2023 मध्ये आलेल्या निष्कर्षात तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले साधारण तीन टक्केच होते. नजर ठेवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले, हेही खरं. पण ऑपरेशन झालेल्यांपैकी पाचातल्या एकाला तरी अनेक वर्षांनंतरही लघवी गळते म्हणून पॅड लागत होते. पॅडचा खर्च दर महिन्याचा असतो, तो कुठल्या पॅकेजच्या पत्रकात दिसत नाही.

तपासणीने जीव वाचतच नाहीत, असं मात्र नाही. युरोपात 55 ते 69 वयाच्या 1 लाख 62 हजार पुरुषांचा 23 वर्षं पाठपुरावा झाला. 2025 मधला आकडा असा, की 456 जणांना तपासणीला बोलावलं तेव्हा एक मृत्यू टळला. फायदा आहे, पण तो कित्येक वर्षांनी मिळतो आणि त्रास ताबडतोब सुरू होतो. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने 2018 मध्ये सांगितलं, की 55 ते 69 मध्ये डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं, सत्तरीपुढे त्रास नसताना ही तपासणी करू नये.

तुम्ही 71 चे, त्रास नाही. मी तुमच्या जागी असतो तर 4,999 दिले नसते. ‘सगळे कॅन्सर’ ही तर जाहिरातच. रक्तातले बहुतेक मार्कर, म्हणजे कॅन्सरची खूण म्हणून मोजतात ते घटक, धडधाकट माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नसतातच, आजार असलेल्याचा उपचार कसा चाललाय ते बघायला वापरतात. पण उद्या लघवीत रक्त दिसलं, धार अडकली, कंबर किंवा हाडं सतत दुखायला लागली, तर माझं हे पत्र बाजूला ठेवा आणि थेट मूत्रविकारतज्ज्ञाकडे जा. ती मग आजाराची तपासणी, तिथे पैशाकडे बघायचं नाही.

तुमच्या पत्रात मी थबकलो ते वडिलांच्या ओळीवर. आधी कंबर, मग लघवी. ते काय होतं हे आज कोणी सांगू शकणार नाही, पण वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. म्हणून तुम्ही वाचलंत तेच भाऊंना वाचून दाखवू नका. ते 58 चे आहेत, त्यांच्यासाठी तपासणीचा विचार रास्त आहे, आणि वडिलांची ही हकीकत त्यांनी डॉक्टरांना जशीच्या तशी सांगायला हवी.

फक्त क्रम सांभाळा. त्यांना आज काही त्रास नसेल तर आधी आरोग्य विमा घ्यायला सांगा. फॉर्ममध्ये विचारतील ते सगळं खरं लिहायचं, वडिलांबद्दल विचारलं तर तेही. लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. पण एकदा वाढलेला पीएसए कागदावर आला, की कंपनी नकार देऊ शकते किंवा तो भाग वगळते. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि प्रोस्टेटची साधी वाढही बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांच्या यादीत असते, हे एजंट आपणहून सांगेलच असं नाही. त्रास असेल तर मात्र विम्यासाठी एक दिवसही थांबू नका.

पॉलिसीचा कागद आला की सही करायच्या आधी भाऊंना तो मला पाठवायला सांगा. दुकान बंद झाल्यावर फोन केला तरी चालेल, मी रात्री नऊपर्यंत जागेवर असतो.