उष्णता घेते, मग ग्लास थंड काऊन?

प्रश्न : मी नागपुरात नंदनवनच्या एका शाळेत नववी-दहावीला सायन्स शिकवते. 'उष्माग्राही म्हणजे उष्णता शोषून घेणारी' हे पोरांना तोंडपाठ आहे, पण प्रयोग करताना एकाने विचारलं, "मॅडम, उष्णता आत घेऊन राहिली तर ग्लास गरम व्हायला पाहिजे, हा तर थंड होऊन राहिला, काऊन?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, खरं तर मलाच नीट सांगता येईना. शिवाय निम्म्या पेपरांत 'बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते' असंच येतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मॅडम, त्या पोट्ट्याला आधी शाबासकी द्या, कारण पाठ करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. घोळ एवढाच आहे की 'घेते' म्हटलं की आपण कोण घेतं ते बोलतो, कोणाकडून घेतं ते बोलतच नाही. शेजारीण वाटीभर साखर मागून नेते तेव्हा डबा कोणाचा रिकामा होतो, आपला ना? इथे शेजारीण म्हणजे अभिक्रिया, आणि आपण म्हणजे ग्लासातलं पाणी, तो ग्लास, त्याला धरलेला हात. थर्मामीटर आपल्या डब्यात बुडवलेला आहे, म्हणून पारा खाली. नेलेली उष्णता अणूंच्या नव्या मांडणीत खर्च झाली, ती पाऱ्याला दिसत नाही.

हे सांगण्याआधी हातात द्या पण. स्टीलच्या ग्लासात अर्धा कप पाणी, त्यात दोन चमचे खायचा सोडा, मग दीड चमचा लिंबूसत्त, दोन्ही किराण्यात मिळतं. फेस येऊन वर चढतो म्हणून ग्लास मोठा घ्या आणि झाकण अजिबात लावू नका. पारा चार-पाच अंश तरी उतरतो, काही सोडा-लिंबूसत्त विरघळल्यामुळे आणि काही अभिक्रियेमुळे. पाणी वर्गातच ठेवलेलं घ्या, माठातलं नको, ते आधीच गार असतं आणि पोरं म्हणतील माठामुळेच झालं. यूट्यूबवरचा बेरियमवाला प्रयोग, ज्यात ग्लासाखाली लाकडी पाटी गोठून चिकटते, तो दिसायला भारी आहे पण शाळेत नको, बेरियमचे क्षार विषारी असतात.

दुसरी बाजू, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी उष्मादायी अभिक्रिया, चुनकळीने (न विरवलेल्या चुन्याने) दाखवा, तुम्हीच, टेबलावर, पोरं लांब आणि तुमच्या डोळ्यांना चष्मा, कारण चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. भांडं स्टीलचं. मी पहिल्या वर्षी हुशारी करून प्लॅस्टिकच्या मगमध्ये मूठभर चुनकळी टाकून वरून पाणी ओतलं, मिनिटभर काहीच नाही, मी म्हटलं फसला प्रयोग, आणि मग एकदम फसफस, वाफ, आणि मगचं बूड मऊ होऊन एका बाजूला बसलं! पोरं आजही भेटली की आधी तेच काढतात. एक पोट्टा खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) चुन्याची डबी घेऊन आला होता, त्या चुन्याने काहीच होत नाही, तो आधीच पाणी घालून विरवलेला असतो (डबी कोणाची ते मी विचारलं नाही). चुनकळीही ताजी, ढेकळांचीच घ्या, हवेतली ओल पिऊन भुकटी झालेली बेकार.

आता बंधांचं, म्हणजे अणूंना धरून ठेवणाऱ्या जोडांचं. ते तुटले की ऊर्जा बाहेर पडते, ही चूक पोरांची कमी आणि आपली जास्त, कारण बायोलॉजीत आपणच सांगतो की एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटला की ऊर्जा मिळते. दोन लोहचुंबक चिकटवून द्या आणि सोडवायला सांगा, जोर कोणाला लागतो? आणि जवळ आणून सोडले तर टक् करून आपटतात, तो आवाज म्हणजे बाहेर पडलेल्या ऊर्जेचाच एक भाग. तोडायला खर्च, जोडल्यावर कमाई. मग फळ्यावर एकच हिशेब मांडा, हायड्रोजन आणि क्लोरीनचा. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, क्लोरीनचे २४२, खर्च झाला ६७८. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बंध जुळताना ४३१ दुणे ८६२ मिळाले. वर उरले १८४, तेच उष्णता म्हणून बाहेर, म्हणून ही उष्मादायी. खर्च जास्त झाला असता तर उष्माग्राही. आकडे बोर्डाला लागत नाहीत, पण हा हिशेब एकदा स्वतः केलेला पोरगा पेपरात ती चूक पुन्हा करत नाही.

कोणी म्हणेल कोळसा उष्णता देतो तर आपोआप का पेटत नाही. त्याला सांगा, तोडायचा खर्च आधी रोख द्यावा लागतो, कोराडीच्या वीज केंद्रातसुद्धा थंड बॉयलर सुरू करताना आधी तेल जाळतात, कोळसा मागून. आणि कूलरचं उदाहरण कोणीतरी देणारच, नागपूर आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते हे बरोबर, पण वाफ झाली तरी ते पाणीच राहतं, म्हणजे तो भौतिक बदल, अर्धे मार्क द्या.

प्रश्न : एप्रिलमध्ये घराचा स्लॅब टाकला. ठेकेदार म्हणतो सिमेंट गरम होतं म्हणून आळी करून पाणी भरून ठेवा. खरंय का?

उत्तर : पाणी ठेवा, पण कारण अर्धंच खरं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी अभिक्रिया करून घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. पण घराचा स्लॅब पातळ, ती सहज निघून जाते. मोठ्या धरणात मात्र ती आत अडकते, अमेरिकेत १९३० च्या दशकात हूव्हर धरण बांधताना काँक्रीटमध्ये नळ्या घालून थंड पाणी फिरवावं लागलं होतं. तुमच्याकडे खरा प्रश्न उन्हाचा आहे, वरचं पाणी उडून गेलं की अभिक्रिया अर्धवट थांबते आणि स्लॅबला भेगा पडतात. निदान दहा दिवस, जमलं तर चौदा, आळी कोरडी पडू देऊ नका, दुपारी दोनला वर जाऊन स्वतः बघा.