सवलत जातीची, अट धर्माची

प्रश्न : आमचे पणजोबा मातंग समाजातले, मिशनच्या काळात घर ख्रिस्ती झाले. गावात आजही आम्हांला जातीनेच ओळखतात आणि माझा चुलतभाऊ नगरपालिकेत सफाईचेच काम करतो. शेजारच्या हिंदू मातंग मुलाला नोकरीत अनुसूचित जातीची सवलत मिळते, आम्हांला नाही. राज्यघटना धर्मस्वातंत्र्य देते, तर उपासना बदलल्याची किंमत नोकरीत का मोजावी लागते?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : या भेदाचे मूळ घटनेच्या ३४१ व्या कलमाखाली निघालेल्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात आहे. काही शीख जातींचा अपवाद सोडता, हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे त्यात म्हटले होते. १९५६ मध्ये सर्व शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना मात्र अशी धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती झालेला आदिवासी जमातीचा दाखला गमावत नाही.

वगळण्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत जात नाही. बौद्ध धम्मातही ती नाही. नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेनंतर केंद्राच्या नोकऱ्यांतील सवलतीसाठी नवबौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले, आणि तेव्हा त्यांचा समावेश झाला तो धर्म बदलल्याने सामाजिक-आर्थिक स्थिती बदलत नाही, या कारणाने. हे कारण आपल्या चुलतभावाला का लागू होऊ नये, याचे पटेल असे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निकाली काढलेले सूसाई यांचे प्रकरण पाहण्याजोगे आहे. ते मद्रासच्या रस्त्याकडेला बसून चपला शिवत. जातीने आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. सरकारी योजनेतून चर्मकारांना मोफत टपऱ्या वाटण्यात आल्या, त्या हिंदू चर्मकारांना मिळाल्या आणि सूसाई यांना नाकारल्या गेल्या. धर्मांतरानंतरही तेच जातीय अपंगत्व तितक्याच तीव्रतेने टिकते याचा पुरेसा पुरावा समोर नाही, असे म्हणून न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. आरी तीच, रस्ता तोच, गिऱ्हाईकही तेच. तरीही पुरावा आणण्याचा भार त्या चर्मकारावरच पडला. पुरावा शोधायचाच तर तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये उभी असलेली भिंत पाहावी. त्या भिंतीसाठी चर्चही जबाबदार आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींचा वाटा १५ टक्के आहे. त्यात नवे वाटेकरी आले की आधीच्यांना कमी मिळेल, ही दलित संघटनांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. पण ते वाटा वाढवण्याचे किंवा वेगळा ठेवण्याचे कारण होऊ शकते, धर्मावरून वगळण्याचे नव्हे. राज्य धर्मनिरपेक्ष असेल तर त्याने माणसाची वंचितता तपासावी, त्याची प्रार्थना नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढण्याचीच शिफारस केली होती. ती अमलात आली नाही, आणि २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमण्यात आला.

तोवर आपल्या घरातील मुलांसाठी एक व्यावहारिक सूचना. ख्रिस्ती असल्याचे लपवून अनुसूचित जातीचा दाखला काढण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी प्रकरणात अशा दाव्यास घटनेची फसवणूक म्हटले आहे, आणि महाराष्ट्रात पडताळणी समितीने दाखला रद्द केल्यास मिळालेली नोकरीही जाते. इतर मागासवर्गीयांच्या यादीत आपला समावेश होतो का, याची मात्र प्रांत कार्यालयात जरूर चौकशी करावी. तेथे पणजोबांचा शाळेचा जुना दाखला किंवा जातीची नोंद असलेला महसुली कागद सोबत न्यावा.